फाटकातला आवाज

आमच्या बाबांना कंपनीत सगळे 'गजर' म्हणतात. तोंडावर 'गजरसाहेब', पाठीमागे नुसतं 'गजर', आणि चहाच्या यंत्राजवळ, म्हणजे जिथे माणसं खरं बोलतात तिथे, "वाजला का रे गजर?" आईचं म्हणणं असं की ह्यांना शिंकसुद्धा वेळ लावून येते.

बाबांचं काम काय, हे ते स्वतःच घरी आलेल्या प्रत्येकाला समजावून सांगतात. चष्मा नाकावर घसरलेला, आवाज नाकातून : "हे बघा, पंख्यांच्या कंपनीत पंखे बनवणं हे निम्मं काम. उरलेलं निम्मं म्हणजे आठवण ठेवणं. हजेरी वेळेत बंद झाली पाहिजे, माल देणाऱ्यांना सकाळी निरोप गेले पाहिजेत, पगाराच्या चिठ्ठ्या महिनाअखेरीला निघाल्या पाहिजेत. माणूस विसरतो, रजा घेतो, भांडतो. मी सगळं एकदा कॉम्प्युटरमध्ये वेळेला लावून ठेवतो. मग ते आपोआप होतं. माणसाचा हात लागला की घोळ झालाच म्हणून समजा!" पाहुणा बिचारा मान डोलावत राहतो. मग आई आतून ओरडते, "अहो, त्यांना चहा पिऊ द्या. तो काही आपोआप पोटात जात नाही."

मला नकला येतात. शिक्षकांच्या, शेजाऱ्यांच्या, दोन्ही मावश्यांच्या फोनवरच्या रडण्याच्या. पण हातखंडा म्हणाल तर कंपनीच्या फाटकाची. ते फाटक बोलतं. कार्ड लावलं की हिरवा दिवा लागतो आणि एक बाई म्हणतात, "या. आपला दिवस छान जावो." कार्ड चालत नसलं की लाल दिवा, आणि त्याच बाई, तितक्याच गोड आवाजात, "आपला प्रवेश बंद आहे. कृपया बाजूला उभे राहावे." त्या 'कृपया'वर एक बारीकसा झोका आहे. एकदा बाबा डबा विसरले, तो द्यायला मी गेले आणि त्यांचं जुनं कार्ड चार वेळा लावून ते वाक्य मनसोक्त ऐकून आले.

आवाज ऑपरेटरबाईंचा. त्या कंपनीच्या टेलिफोनवर बसायच्या. बाबा नोकरीला लागले तेव्हा वरच्या मजल्यावर साहेबांकडे जायचं म्हटलं की ते जिन्यापाशीच रेंगाळायचे. बाई खालून सांगायच्या, "आत्ता जाऊ नकोस रे, साहेबांचा पारा चढलाय. जेवणानंतर जा, तेव्हा ते माणसांत असतात." 'गजर' हे नावही बाईंनीच ठेवलेलं. फाटक बसवलं तेव्हा बाबाच त्यांना म्हणाले होते, "बाई, तुमच्याशिवाय कोणाचा आवाज देणार?" बाईंनी टेबलापाशी बसल्या बसल्या दोन्ही वाक्यं म्हणून दिली.

पूर्वी कोणी निवृत्त झालं की त्याचं कार्ड परत घ्यायचं काम बाबांकडे होतं. निरोपाची भाषणं संपली की ते त्या माणसाजवळ जाऊन उभे राहायचे, चष्मा पुसायचे, उकाड्याबद्दल बोलायचे आणि शेवटी जमिनीकडे बघत हात पुढे करायचे. त्या दिवशी त्यांना घरी घास उतरायचा नाही. म्हणून या वर्षी त्यांनी तेही वेळेला लावून टाकलं. शेवटची तारीख आली की कार्ड आपोआप बंद, आभाराचा निरोप आपोआप, फुलवाल्याला सांगावा आपोआप. "कोणी कोणापुढे हात पसरायला नको," असं म्हणून त्या रात्री त्यांनी दोनदा भात घेतला.

या नव्या पद्धतीने निवृत्त होणाऱ्या पहिल्याच होत्या ऑपरेटरबाई.

त्या दिवशी बाबा भर दुपारी घरी आले. बेल वाजली तेव्हा मी सवयीने दाराआडून गोड आवाज काढला, "आपला प्रवेश बंद आहे. कृपया बाजूला उभे राहावे."

दार उघडलं तर बाबा जिन्याच्या पायरीवर बसले होते, खरोखरच बाजूला.

आईने त्यांना आत घेतलं. पाणी पिता पिता जे बाहेर आलं ते असं : कार्ड बंद व्हायची वेळ संध्याकाळची लावायची होती. बाबांनी तारीख भरली आणि वेळेचा रकाना रिकामाच सोडला. रकाना रिकामा असला की कॉम्प्युटर दिवस उजाडायच्या आधीच काम उरकून टाकतो. हे बाबा नव्या मुलांना शिकवतात.

ऑपरेटरबाई सकाळी नवे, कडक इस्त्रीचे कपडे घालून आल्या. कार्ड लावलं. लाल दिवा. त्यांच्याच आवाजात त्यांना सांगण्यात आलं की कृपया बाजूला उभे राहावे. त्यांनी कार्ड पुसून पुन्हा लावलं. पुन्हा तेच. रखवालदार नवा होता. "बाई, लाल दिव्याला पिशवी तपासायचा नियम आहे." पिशवी टेबलावर रिकामी झाली : जेवणाचा डबा, छत्री, टेलिफोनपाशी ठेवलेल्या कुंडीसाठी पाण्याची बाटली आणि सगळ्यांना वाटायला आणलेला बिस्किटांचा मोठा डबा. मागे रांग खोळंबली. "काय झालं? बाईंना काढलं?" "शेवटच्या दिवशी काही उचललं असेल." "छे रे, बाई तशा नाहीत." "मग दिवा लाल कसा?"

बाईंनी सगळं पिशवीत भरलं आणि त्या घरी गेल्या. बाबा तेव्हा वर त्यांच्याच निरोपासाठी फुगे फुगवत होते.

"आणि तुमचे साहेब काय म्हणाले?" आईने विचारलं.

"म्हणाले, सिस्टिमची चूक आहे. माफीचा एक निरोप वेळेला लावून टाका."

आईने पाण्याचा पेला त्यांच्या हातातून काढून घेतला.

"फोन करा त्यांना."

"उचलत नाहीत."

"मग जा."

"काय तोंडाने जाऊ गं?"

"आहे त्याच तोंडाने. दुसरं कुठून आणणार? आणि हिला बरोबर न्या, नाहीतर तुम्ही कोपऱ्यावरून परत याल." मग माझ्याकडे वळून, "आणि तू. तिथे एकाही माणसाचा आवाज तुझ्या तोंडून निघता कामा नये."

"माझा?"

"तुझासुद्धा."

बाबा वाटेतल्या दोन्ही कोपऱ्यांवर थांबले. मी दोन्ही वेळा बाही ओढली.

बाईंच्या घराचं दार त्यांच्या यजमानांनी उघडलं. बाबांना बघून आत वळून म्हणाले, "अगं, कंपनीतून आलेत. पिशवी तपासून घेऊ का यांची?"

"येऊ द्या त्यांना," आतून आवाज आला. फाटकातलाच.

कोपऱ्यात बादलीत फुलं होती, वेळेवर पोचलेली. चिठ्ठीवर छापलेलं होतं : 'प्रिय सहकारी, आपण आमच्यासाठी खास आहात.' कपबशा, पडदे, सगळं नीटनेटकं. बिस्किटांचा डबा मात्र तसाच बंद, दोरीसकट, टेबलावर.

"या, बसा," बाई म्हणाल्या.

बाबांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. इतकी वर्षं त्या त्यांना 'अरे गजर' म्हणत आल्या होत्या. हे 'बसा' बाबांना कुठल्याही शिवीपेक्षा जास्त लागलं असणार.

"बाई, साहेब म्हणतील सिस्टिमने केलं. सिस्टिमने नाही केलं. मी केलं. वेळ भरायची राहिली."

"चूक होते माणसाकडून," बाई म्हणाल्या. "पण मला एक सांगा, कार्डच हवं होतं ना? मागायचं. दिलं असतं."

"मागायला... जड जातं मला."

"म्हणून माझ्याच तोंडून मला हाकललंत?"

बाबांचे कान लाल झाले. आधी कान, मग मान. एवढ्यात बाईंचा फोन किणकिणला. बाबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि डोळे मिटले.

"आता काय राहिलंय?" बाईंनी विचारलं.

"हा शेवटचा आहे," बाबा पुटपुटले.

बाईंनी चष्मा लावला आणि ऑपरेटरच्या आवाजात, एकेक शब्द सुटा करून वाचलं, "आपला शेवटचा दिवस कसा गेला? एक ते पाच तारे द्या." मग फोन बाबांपुढे धरला. "तुम्हीच लावलंय, तुम्हीच भरा."

बाबांनी एक तारा दिला. लगेच उत्तर आलं : 'आपण समाधानी आहात हे वाचून आनंद झाला.' त्यांनी उत्तर एकच लिहून ठेवलं होतं. कोणी नाराज असेल, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

यजमान खो खो हसत सुटले. मी गाल आतून चावून धरला. बाई हसल्या नाहीत.

"एक काम करा," त्या म्हणाल्या. "माझा आवाज काढा तिथून. मला आणखी कोणाला बाजूला उभं करायचं नाही."

"आजच काढतो."

मग त्यांनी पिशवीतून कार्ड काढलं आणि हातात धरून ठेवलं. पुढे केलं नाही. बाबांना कळलं. त्यांनी जमिनीकडे बघत हात पुढे केला.

"वर बघा."

बाबांनी वर बघितलं. बाईंनी त्यांना आपल्या डोळ्यांत नीट बघू दिलं, तेव्हा कुठे कार्ड त्यांच्या हातावर ठेवलं. आम्ही निघालो तेव्हा त्या दारापर्यंत आल्या नाहीत.

घरी येताना मी बाबांना म्हटलं, "आवाज मी देते की! हुबेहूब त्यांच्यासारखा. कोणाला कळणारही नाही."

"म्हणूनच नको," बाबा म्हणाले आणि परस्पर कंपनीकडे वळले.

आता फाटकात बाबांचा आवाज आहे, नाकातला. लाल दिवा लागला की ते म्हणतात, "आपलं कार्ड चालत नाहीये. माफ करा. थांबा, मी येतो." आणि त्यांच्या टेबलावर घंटा वाजते आणि ते खरंच हातातलं काम टाकून जिना उतरतात. कार्ड बंद करायचं काम पुन्हा त्यांनी स्वतःकडे घेतलंय. ते आता कुठल्याच वेळेला लावलेलं नाही.

चहाच्या यंत्राजवळ सगळे त्यांची नक्कल करतात, "माफ करा, थांबा, मी येतो!" डब्याच्या निमित्ताने मी ऐकून आले. फारच सुमार. 'माफ करा'च्या आधी बाबा आवंढा गिळतात, तो एकालाही जमत नाही. मला जमतो. आईने ऐकला आणि म्हणाली, पुरे.

बाबा रोज सकाळी त्याच रांगेत उभे राहतात. पुढचे कुजबुजतात, मागचे खोकतात. मग बाबा कार्ड लावतात, हिरवा दिवा लागतो, आणि सगळ्यांच्या देखत त्यांना स्वतःचंच ऐकून घ्यावं लागतं, "या. आपला दिवस छान जावो."