धाकटीचे दंड

वजन उतरलं, पण रत्नमालाच्या दंडांची कातडी काही आवळली नाही. लग्नघरी मडक्यावर भाजायची लांब रोटी हातांवर झुलवायला घेतली, की कणकेआधी ती कातडीच झुलायची. अशात धाकटी जाऊ रुचिता नागपूरला ऑपरेशन करून दंड घट्ट करून आली, आणि रत्नमालाच्या पोटात दुखायला लागलं. आपणही करायचंच, असं मनाशी ठरवून ती चौकशीला वरठीला तिच्या घरी गेली.

रुचिताने बाही वर केली. काखेपासून कोपरापर्यंत लालभडक व्रण होता. तो पाहून रत्नमालाला, खोटं कशाला बोला, बरंच वाटलं.

"लई दुखलं काय वं?"

"पयले तं हातच वर होत नव्हते, ताई. महिनाभर ह्यायनंच माही वेणी घातली. आधी वाकडी येत होती, मंग शिकले हे."

झालं! विझत आलेली आग पुन्हा भडकली.

घरी येताच तिने नवऱ्याला, धर्मेंद्रला विचारलं, "मी ऑपरेशन केलं, तं माही वेणी कोन घालन?"

मोबाईलमधून डोकं न काढता तो म्हणाला, "वेणी कायले पायजे? केस कापून टाकजो."

ऑपरेशनचा विषय तिथेच मिटला. आता लग्नाकार्यात रत्नमाला रुचिताच्या दंडांकडे ढुंकूनही पाहत नाही. तिची नजर जाते ती थेट वेणीवर.