दुसरी सही

रुग्णसेवेच्या संस्थेतल्या बायका तिला लिंबूटिंबू म्हणायच्या. उंची पावणेपाच फूट, मनगटं काडीसारखी, आणि तोंड असं की समोरच्यानं दोन पावलं मागेच सरावं. सतरा वर्षं ती लोकांच्या घरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्यांचं सगळं करत होती. आपल्या हातून कुणाला साधं खरचटलंही नाही, हे ती कुणी न विचारताच सांगायची.

सध्या तिच्याकडे सर होते. शाळेत व्यायाम शिकवायचे. सहा फुटांचा देह, अर्धांगाच्या झटक्यानं उजवी बाजू गेलेली. बोलणंही गेलं, उरले ते फक्त मैदानावरचे हुकूम. चहाचा घोट नीट गिळला की ‘शाबास’. अंग पुसायला घेतलं की ‘सावधान’. कुशीवर व्यवस्थित टेकले की ‘विश्राम’. ती म्हणायची, सर, तुमच्या वर्गात असते तर माझा जन्म मैदानाला फेऱ्या मारण्यातच गेला असता. सरांचा डावा गाल तेवढा हलायचा.

पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी त्यांची कूस बदलायची. एवढ्या देहाला दोन माणसं लागतात. एकीनं अंगाखालची आडवी चादर ओढायची, दुसरीनं पलीकडून सावरायचं. म्हणून कॉटशेजारी टांगलेल्या वहीत प्रत्येक वेळेपुढे दोन सह्यांची जागा होती. संस्था पाठवायची मात्र एकटीला. पहिल्याच दिवशी तिनं संस्थेच्या मॅडमना फोन लावला. मॅडम म्हणाल्या, दुसरी मिळेपर्यंत सांभाळून घे, आणि दुसऱ्या जागी डाव्या हातानं सही कर, म्हणजे वेगळी दिसेल. तिला ती थट्टा वाटली आणि ती हसली. मॅडम हसल्या नाहीत.

सरांच्या मुलाला सांगितलं होतं की दुसरी बाई शेजारपाजारची घरं करते, कूस बदलण्यापुरती येऊन जाते. तो संध्याकाळी घरी आला की वही बघायचा आणि मान डोलवायचा. डावा हात तिला वळत नव्हता. घाईत सही बिघडायची, म्हणून दिवसभराच्या डाव्या सह्या ती सकाळी आल्याआल्याच उरकून टाकायची. अशी तीन महिने सवय झाली, आणि सवयीनं लाज गेली.

आज दहा वाजता चादर सरकली. सर पलीकडच्या कडेला गेले, आणि पलीकडे कुणीच नव्हतं. ती कॉटला वळसा घालून धावली. त्यांना पेलणं शक्य नव्हतं, म्हणून ती सरळ त्यांच्याखालीच गेली. तरी स्टुलाचा कोपरा त्यांच्या भुवईला लागलाच. मुलाला आणि मॅडमना फोनवर कळवून, मुलगा येईपर्यंत ती फरशीवर सरांचं डोकं मांडीवर घेऊन, जखमेवर रुमाल दाबून बसली. सरांनी एकही हुकूम दिला नाही. त्याचीच तिला भीती वाटली.

डॉक्टर तीन टाके घालून गेले. मुलानं वही उघडली.

“मावशी, दोघी असताना वडील पडलेच कसे?” मग त्याचं बोट खाली सरकलं. “आणि आत्ता साडेअकरा वाजलेत. बाराची, दोनची, चारची, सहाची सही आधीच? कोण आहे ही बाई?”

तेवढ्यात मॅडमचा फोन आला. तिनं स्पीकर लावला.

“लिही, पेशंटनं झटका दिला. दुसरी तेवढ्यापुरती बाथरूमला गेली होती. घरच्यांसमोर तोंड उघडलंस तर पुन्हा कुठल्याच घरी पाठवणार नाही.”

तिनं फोन बंद केला. खेळात लिंबूटिंबूला कुणी मोजत नाही. इथे तिला दोनदा मोजलं होतं. तिनं पेन डाव्या हातात घेतलं आणि त्याच्या डोळ्यांदेखत तीच वाकडी सही काढली.

“ही बाई.”

“म्हणजे तीन महिने तुम्ही मला फसवलंत.”

“फसवलं. माझ्या हातानं, नाही म्हणत नाही. सरांच्या भुवईत माझाही वाटा आहे. पण दादा, तुम्ही रोज वही बघितलीत. त्या बाईला एकदा तरी बघावंसं वाटलं? एका रविवारी तरी?”

घड्याळात बारा वाजत आले होते.

“हात धुऊन या,” ती म्हणाली. “पलीकडे उभे राहा. चादरीची कड मुठीत गुंडाळा, कोपर अंगाशी. ओढायचं मी, सोडायचं नाही तुम्ही.”

त्यानं धरलं, पण बिचकत, गरम भांड्याला हात लावल्यासारखं. तेव्हा टाक्यांच्या पट्टीखालून, सकाळपासून मुका असलेला आवाज फुटला.

“सावधान.”

मुलाची पाठ ताठ झाली. सर कुशीवर आले.

वहीत दहाच्या ओळीपुढची डावी सही तिनं खोडली आणि लिहिलं, ‘एकटीनं केलं. पडले.’ बाराची खोडून पेन मुलाच्या हातात दिलं. त्यानं मुकाट्यानं सही केली. मग ती दोनची, चारची, सहाची खोडत गेली, इतकी दाबून की कागद फाटला. फोन पुन्हा वाजायला लागला. तिनं तो उचलून मुलापुढे धरला.

“घ्या. दुसरी बाई कुठे आहे, तुम्हीच विचारा.”