सपाट जाळी, येळवस आणि अण्णांचा प्रश्न

येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला, आमच्या तेर गावच्या शेतात एक गोष्ट घडली. गंमत म्हणावी तर गंमतच, पण माझ्यासाठी त्याहून बरीच मोठी...

आधी माझ्या कामाबद्दल. मी इलेक्ट्रॉन ट्यूबमध्ये बसणाऱ्या धातूच्या जाळ्या डिझाइन करते. जुन्या रेडिओत काचेचे व्हॉल्व्ह असायचे ना, त्यांचीच ही आजची भावंडं... उपग्रहांना अजूनही लागतात.

जाळी आधी सपाट पत्र्यात कोरतात, मग साच्यात दाबून तिला पळीसारखा खोलगट आकार देतात. माझी जाळी स्क्रीनवर फार देखणी दिसायची, मधून कडेपर्यंत अगदी सरळ रेषा... आणि साच्यात गेली की कडेला तटातट तुटायची.

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अर्धांगवायू झाल्यापासून मी बेंगळुरू सोडून इथूनच काम करतेय. घरात आम्ही दोघंच. साहेबांनी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, पुढच्या ट्रायलला जाळी टिकली नाही तर परत ऑफिसात यावं लागेल. अण्णांना मी हे मुद्दाम सांगितलं नव्हतं.

येळवशीला त्यांना चुलत्यांच्या गाडीतून शेतात नेलं. आमच्याकडे त्या दिवशी शेतात कडब्याची छोटी कोप, म्हणजे खोपटी, उभारतात, तिच्यावर शाल पांघरतात, आत पांडव म्हणून पाच दगड मांडून पूजा करतात... आणि मग भज्जी-आंबिलीवर ताव!

शाल घालायचं काम माझ्याकडे आलं. मी आपली टोकं धरून सरळ खाली ओढतेय... एकीकडे ताण, दुसरीकडे झोळ. वैतागून हिसका दिला तर टर्रकन कड उसवली!

"अगं, तुझ्या हापिसातली जाळी न्हाय ती, दमानं घे!" काकू ओरडल्या. सगळे खो खो हसले. मीही हसले, पण आतून जरा लागलंच.

मग शाल थोडी फिरवून धरली. वीण तिरकी झाली आणि शाल अलगद ताणली जाऊन कोपीच्या माथ्यावर बसली... मी बघतच राहिले. सरळ धाग्याला लांब व्हायला जागाच नसते. तिरक्याला असते.

घरी येऊन सगळ्या रेषा नव्याने काढल्या. तिरक्या, थोड्या वळणाच्या, म्हणजे दाबल्यावर त्या तुटण्याआधी सरळ होतील. सपाट असताना जाळी पार वेडीवाकडी दिसत होती. साहेबांनी नाक मुरडलं, पण ट्रायलला पाठवली.

परवा फोटो आला. एकही तार तुटली नव्हती... आणि खाली साहेबांचा मेसेज, "तिथूनच चालू दे."

धावत जाऊन अण्णांना सांगितलं, जाळी टिकली म्हणून. आजारपणापासून त्यांचं बोलणं सावकाश झालंय. जाळीबद्दल त्यांनी काहीच विचारलं नाही.

"मंग... आता जात न्हाईस नव्हं?"

माझे फोन ते रोज ऐकत होते तर! एका शब्दाने कधी विचारलं नाही. "न्हाय जात, अण्णा," म्हणता म्हणता मला रडूच फुटलं.

इतके दिवस मी समजत होते, ही काळजी एकट्या माझ्याच जिवाला लागलीय...