जहाज सरांचा राग

जहाज सर रागावले की आधी त्यांचे कान लाल व्हायचे. भामरागडकडच्या आमच्या निवासी शाळेत ते भूगोल शिकवायचे. समुद्र त्यांनी जन्मात पाहिला नव्हता, पण बोलायचे सदा जहाजांवर. म्हणून आम्ही पोरींनी हे नाव पाडलं.

पूर्वी भर समुद्रात आपण पूर्वेला किती, पश्चिमेला किती, हे कळायचं नाही. जहाजं खडकांवर फुटायची. घरच्या बंदराची वेळ दाखवणारं, हलत्या जहाजातही न चुकणारं घड्याळ हवं होतं. ते एका सुतारानं बनवलं. इथवर सर शांत. मग टेबलावर हात आपटत, "घड्याळ बरोबर निघालं ना? तरी ते तपासणारे शहाणे म्हणतेत, आणखी एक बनवून दाखव! म्हातारा करून सोडला त्याले!" जणू तो सुतार त्यांचा सख्खा काका.

पटांगणात त्यांनी बांबू रोवला होता. सावली सगळ्यात आखूड झाली की इथली खरी दुपार. ती पूर्वेला आधी होते, पश्चिमेला उशिरा; म्हणून तेव्हा घड्याळात किती वाजले, त्यावरून आम्ही आपलं गाव नकाशावर शोधायचो. एकदा उत्तर आलं पार पश्चिमेचं किनवट! शिपाई नामदेवभाऊंनी शाळेचं घड्याळ दहा मिनिटं पुढं केलं होतं.

"पोरी लवकर तयार होत नाई जी, म्हून काटा समोर सरकवला."

"अहो भाऊ, अख्खं भामरागड उचलून किनवटले नेलं तुम्ही! जहाज असतं तं बुडालो असतो ना!"

आमची दहावी होईस्तोवर इथून हलायचं नाही, असं सरांनी ठरवलं होतं. पावसाळ्यात रस्ते तुटले की बाकीचे मास्तर आपापल्या गावी. हे मात्र इथंच. अशा माणसाची बदली केली! तपासणीला आलेले साहेब म्हणाले, "ठिकाण मोबाईल सांगतो. मुलींना उन्हात कशाला उभं करता?"

"मोबाईल सांगते, मान्य. पण कसं सांगते, हे पोरींनं काऊन विचारू नये?"

झालं. ऐन दहावीच्या वर्षात सरांची कोरपन्याला रवानगी. अक्कल गहाण ठेवलेली माणसं! आजही आठवलं की माझं डोकं तडकतं.

एसटीच्या पायरीवरूनही ते आमच्यावरच खेकसले, "रडून काऊन राह्यल्या? उद्या बाराच्या आधी बाहेर निंघा!"

दुसऱ्या दिवशी निघालो, तर बांबू उपटलेला. साहेबांचा हुकूम म्हणे. त्या खड्ड्यावर मीच ताठ उभी राहिले. बाकीच्या पोरी माझ्या सावलीच्या टोकाला खडे लावू लागल्या.

"आत चला सगळ्या!" मुख्याध्यापक ओरडले.

"सावली अजून आखूड होऊन राह्यली जी," मी म्हणाले. "थांबा."