चाला काका, बाह्यर जाऊ

बातमी मला कुणी फोन करून सांगितली नाही. वाशीमजवळच्या मालेगावला आमचं बी-बियाण्याचं दुकान आहे. सकाळची गिऱ्हाइकं आटोपून मी मोबाईल हातात घेतला, तर कॉलेजच्या एका मुलाच्या स्टेटसला भास्करचा फोटो, चारी बाजूंनी गुलाबाची फुलं आणि खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. आधी वाटलं, कुणीतरी थट्टा केली असेल. आमच्या पोरांचा काही नेम नाही. मग दुसऱ्याचं स्टेटस पाहिलं, तिसऱ्याचं पाहिलं... सगळीकडे तोच फोटो. कॉलेजच्या गेटाबाहेरचा होता तो, घाईघाईत कापलेला. भास्कर हसतोय आणि त्याच्या खांद्याजवळ कुणाचा तरी अर्धा हात, बोटांत पेटलेली बिडी. धूम्रपानाविरुद्ध बोलून बोलून ज्याचा घसा बसायचा, त्याच्याच श्रद्धांजलीच्या फोटोत बिडी! मला त्याही अवस्थेत हसू आलं, आणि मग तिथेच खताच्या पोत्यांवर बसून मी रडलो. वडिलांनी शटर अर्धं खाली ओढलं.

डेंग्यूचा ताप होता. सोयाबीन काढायला म्हणून तो शिरपूरच्या पलीकडे, त्याच्या गावी गेला होता. अंग दुखतंय म्हणाला, तर घरच्यांना वाटलं, पोरगा शहरात राहून नाजूक झाला. आधी गावातले डॉक्टर, मग वाशीम, आणि पेशी उतरतच गेल्या तेव्हा अकोला. आठवडाही पुरता झाला नाही.

कॉलेजसाठी वाशीमला आम्ही एका खोलीत राहायचो. पहिल्याच संध्याकाळी सामान लावून झाल्यावर मी कॉटवर पाय पसरून सिगारेट पेटवली. भास्कर उठला, माझं कोपर धरलं आणि म्हणाला, "चाल, बाह्यर जाऊ."

"काहून? तू बी पेतं का?"

"नाई बे. तू पे. मी येतो संगं."

आणि खरोखरच आला. रस्त्याच्या कडेला, वारा ज्या बाजूने येत होता त्या बाजूला उभा राहून तो माझी सिगारेट संपेपर्यंत गप्पा मारत राहिला. कुठला विषय, घरी किती जण, भाजी कोण करणार. संपल्यावर म्हणाला, "झालं? चाल, जेवाले." सोबत राहिलो तेवढ्या काळात 'सिगारेट सोड' असं तो मला एकदाही म्हणाला नाही, हे मी शपथेवर सांगेन. एकदा मीच चिडून विचारलं, तर म्हणे, "सोडनं तुहं काम हाय. बाह्यर नेनं माह्यं काम." मी सोडली नाही ती नाहीच. पण त्या खोलीत पुन्हा कधी काडी ओढली नाही.

कॉलेजात त्याने हे काम सुरू केलं तेव्हा आम्ही पाच-सहा टाळकी होतो. पोरी बसची वाट पाहत जिथे उभ्या राहायच्या, तिथेच धुराचे ढग. कॅन्टीनमध्ये तर नाकाला रुमाल लावून पोहे खावे लागायचे. आम्ही प्राचार्यांना निवेदन दिलं, त्यांनी लगेच होकार दिला, आणि गेटाच्या आत मोठा बोर्ड लागला. बोर्ड लावायला काय लागतं? पुढच्या आठवड्यात पोरं त्याच बोर्डाच्या सावलीत उभी राहून झुरके मारत होती. मग आम्ही फेरी काढली, पथनाट्य बसवलं. यमाचा मुकुट माझ्याच डोक्याला बसला म्हणून मी यम झालो. आता नाटकात मधे जरा उसंत मिळाली, तलफ आली, म्हणून मी पॅसेजमध्ये जाऊन मिशा सांभाळत एक पेटवली. भास्करने पाहिलं. तो आला, यमाचं कोपर धरलं आणि गदेसकट मला भर गर्दीतून गेटाबाहेर घेऊन गेला. पोरं हसून हसून लोळली. नाटकातला एक शब्द आज कुणाला आठवत नसेल, पण यमाला बाहेर काढल्याची गोष्ट अजून सांगतात.

त्या दिवसापासून त्याला त्याची रीत सापडली. भाषण नाही, पोस्टर नाही. कुणी आत ओढताना दिसला की हा जवळ जायचा, हात धरायचा, "चाला काका, बाह्यर जाऊ," आणि बाहेर उभं राहून सोबत करायचा. प्राध्यापक, बाबू, ऑटोवाले, पोरांना सोडायला आलेले बाप, कुणी सुटलं नाही. हळूहळू असं झालं की तो लांबून येताना दिसला की माणसं आपणहून गेटाकडे चालू लागायची. काही तर त्याच्याशी बोलायला मिळतं म्हणूनच बाहेर जायची. घरची भांडणं, नापास झालेले विषय, रखडलेली लग्नं... त्या गेटाबाहेर भास्करने जेवढं ऐकून घेतलं तेवढं एखाद्या वकिलानेही ऐकलं नसेल.

याचा व्हायचा तो परिणाम झालाच. गावच्या कुणीतरी त्याला रोज बिडी-सिगारेटवाल्यांच्या घोळक्यात पाहिलं आणि घरी जाऊन सांगितलं, तुमचा भास्कर वाशीमले रोज गेटावर बिड्या पेते! काकूंनी, म्हणजे त्याच्या आईने, पुढच्या सुटीत त्याला दारातच अडवलं. वैष्णवी ही त्याची धाकटी बहीण, तेव्हा सातवीत. तिच्या डोक्यावर हात ठेवून त्याला शपथ घ्यायला लावली. त्याचे वडील महादेवकाका खाटेवर बिडी ओढत बसले होते. ते म्हणाले, "पेत असन तं पेत असन. बापाचंच पोट्टं हाय." हे सगळं भास्करने मला नक्कल करून सांगितलं होतं आणि आम्ही पोट धरून हसलो होतो.

एकदा एसटी स्टँडवर आम्ही बसची वाट पाहत होतो. शेडमध्ये माणसं दाटीने बसलेली, बाया, लेकरं, आणि मधोमध एक धोतरवाले आजोबा निवांत बिडी ओढत होते. कोर्टाच्या तारखेला आले असावेत, कारण आधीच तापलेले होते. भास्करने आपलं नेहमीचं वाक्य म्हटल्याबरोबर ते उसळले, "काहून? तुह्या बापाचं स्टँड हाय काय?"

भास्कर शांतपणे म्हणाला, "नाई न आजोबा. माह्या बापाचं असतं तं मी बोललोच नसतो."

शेडमधले सगळे हसले, आजोबाही हसले आणि उठून त्याच्यासोबत बाहेर गेले. मलाही वाटलं, काय हजरजबाबी माणूस आहे! तो विनोद नव्हता, हे मला त्याच्या घरी गेलो तेव्हा कळलं.

पोळ्याला त्याने मला गावी नेलं होतं. दोन खोल्यांचं घर, पुढे ओटा, मागे गोठा. पुढच्या खोलीत जेवणं वाढली. महादेवकाका माणूस मोठा प्रेमळ. मला आग्रह करकरून पुरणपोळी वाढायला लावत होते. पण जेवणाच्या आधी एक बिडी, जेवण झाल्यावर हात वाळायच्या आत दुसरी. पहिली पेटली तशी वैष्णवी आपलं ताट उचलून मागे गोठ्यापाशी गेली. तिला दमा होता. धूर लागला की छातीतून शिट्टीसारखा आवाज यायचा आणि मग रात्रभर आई तिला उशांना टेकवून बसवायची. घरात कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. पोरगी मागे जाऊन जेवते, तिथेच अभ्यास करते, सगळ्यांच्या सवयीचं झालं होतं. मी भास्करकडे पाहिलं. अख्ख्या कॉलेजला हात धरून बाहेर काढणारा हा माणूस मान खाली घालून आमटीत पोळी कालवत होता.

परतताना बसमध्ये मी त्याला धरलं. "घरी काहून नाही सांगत?"

त्याने तोंड खिडकीकडे फिरवलं. मग म्हणाला, "बापाले कसं सांगू बे? त्यानं बांधलेलं घर हाय. त्याच्याच घरातून त्यालेच म्हनू, बाह्यर जाय?" आणि थोड्या वेळाने, "दहावी झाली का वैशूले वाशीमले आनतो. खोली घेऊ. तू बाह्यरच ओढतं, तुह्यी काही अडचन नाई."

त्याची सगळी धडपड कुठून निघाली होती ते मला त्या दिवशी समजलं. जिथे बोलायला हवं तिथे त्याचा शब्द फुटत नव्हता, म्हणून तो साऱ्या जगाला विनवत फिरत होता.

तो गेल्यावर मी तेरवीपर्यंत बहुतेक रोज त्याच्या गावी जात होतो. आमच्याकडे मयताच्या घरी माणसं बसायला येतात तेव्हा मधे एक ताट फिरतं. त्यात बिडीचं बंडल, तंबाखू, सुपारी, माचिस. दुःखात माणसाने बोलावं काय, हे कुणालाच कळत नाही. बिडी पेटवली की न बोलता बसता येतं. पुढच्या खोलीत भास्करचा फोटो, समोर दिवा, भिंतींना टेकून माणसं, आणि धूर इतका की फोटोतला चेहरा दिसेना. वैष्णवीला पहिल्याच दिवशी शेजारच्या घरी नेऊन ठेवलं होतं. तिचा भाऊ गेला होता आणि तिला त्याच्या दिव्यापाशी बसता येत नव्हतं. मी शेजारी डोकावलो तर ती खिडकीशी बसून स्वतःच्याच घराकडे पाहत होती. "मले घरी जाऊ द्या न," एवढंच म्हणाली. मला तिच्याकडे बघवेना.

परत येऊन बसलो, तर एक नातेवाईक राख झटकत म्हणत होते, "पाह्य बाप्पा. ना बिडी, ना दारू. साऱ्या दुनियेले सांगत फिरला. काय झालं? गेलाच न? मरन कोनाले चुकलं?" दोघा-तिघांनी माना हलवल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अरे, बिडी ओढली नाही की माणूस अमर होतो, असं तो कधी म्हणाला होता? तो फक्त एवढंच म्हणत होता की शेजारी कोण बसलंय ते पाहा! पण मयताच्या घरात भांडू कसा...

महादेवकाकांच्या हातात विझलेली बिडी होती. त्यांनी त्या माणसाकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं, आणि उठले. बुडाखालचं घोंगडं ओढून खांद्यावर घेतलं आणि बाहेर गेले. सगळ्यांना वाटलं, लघवीला गेले असतील. ते परत येईनात तेव्हा एक म्हातारे पाहायला गेले. काका अंगणात, भर उन्हात घोंगडं अंथरून बसले होते.

"महादेवा, आत चाल. ऊन लागन."

"मी अठीच बसतो."

"अबे, लोक आत बसले हायेत न."

"बसू द्या."

आता ज्याचं माणूस गेलं तो बाहेर आणि बसायला आलेले आत, असं कसं चालेल? दुखवट्याची माणसं ज्याचं दुःख आहे त्याच्यापाशी बसतात. म्हातारे तिथेच टेकले. मग आतले एकेक करून उठले. कुणीतरी ताट उचलून आणलं. दुपार कलायच्या आत सगळी बैठक अंगणात आली आणि पुढची खोली रिकामी झाली. काका बिडीबद्दल एक शब्द बोलले नव्हते. काकूंनी दारं-खिडक्या उघडल्या, फडक्याने धूर हाकलला आणि शेजारून वैष्णवीला बोलावून आणलं. ती भावाच्या फोटोसमोर बसली. बराच वेळ तिला रडूही आलं नाही. मग आलं.

परवा पुन्हा गेलो होतो. थंडी आता चांगलीच पडली आहे. मोटारसायकलवरून पोचेपर्यंत बोटं बधिर झाली होती. पाहतो तर काका ओट्यावर शाल गुंडाळून बसलेले, हातात बिडी. मी म्हटलं, "काका, गारठा लय हाय. आत बसू."

"तू जाय. चहा घे." त्यांनी बिडी दाखवली. "मले हे सुटत नाई."

मी त्यांच्याजवळच टेकलो. आतून वैष्णवीचा मोठ्याने धडा वाचण्याचा आवाज येत होता. मधे कुठे खोकला नाही, अडखळणं नाही. आम्ही दोघं ते ऐकत राहिलो.

"लोक येऊन सांगतेत," काका म्हणाले, "त्यानं सगळ्याईले बाह्यर नेलं म्हनतेत. मास्तराईले, डायवराईले. हात धरू धरू नेलं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "मले काहून नाई नेलं रे? एकडाव म्हनला असता, बाबा, चाला... तं मी उठलो नसतो काय?"

मला उत्तर ठाऊक होतं. बसच्या खिडकीबाहेर पाहत त्याने दिलेलं उत्तर. पण ते या माणसाला कोणत्या तोंडाने सांगू?

आतलं वाचन थांबलं. "बाबा, जेवाले या," वैष्णवीने हाक मारली.

काकांनी बिडी ओट्याच्या कडेला घासून विझवली. रांजणातल्या गार पाण्याने हात धुतले, तोंड धुतलं, चुळा भरल्या, पुन्हा भरल्या. मग अंगावरची बिडीच्या वासाची शाल काढून बाहेरच्या खुंटीला टांगली आणि कुडकुडत आत गेले.