हातमोज्यांचा एकल कार्यक्रम

इमारतीत त्यांना सगळे हातमोजे म्हणत. वय सव्वीस, व्यवसाय पियानोवादन, आणि भर उन्हाळ्यातही हातात लोकरीचे मोजे, कारण बोटं ही घरची इस्टेट. ही इस्टेट कशालाही लागता कामा नये असा घरात कायदा होता. हातमोज्यांनी कधी बरणीचं झाकण उघडलं नाही, भाजी चिरली नाही. बाबांना दवाखान्यातून घरी आणलं त्या दिवशी पिशवीसुद्धा उचलली नाही. पिशवी ताईने उचलली. ताईची बोटं साधीच होती.

बैठकीत पियानो आल्यापासून घरातली माणसं भिंतीकडेने चालत. टीव्ही स्वयंपाकघरात गेला, ताई अभ्यासाला जिन्यात गेली, आणि बाबा स्वतःच्या घरात लांबच्या पाहुण्यासारखे खुर्चीच्या कडेवर बसू लागले. एवढ्या त्यागातून जी कारकीर्द उभी राहिली तिच्यात सांगण्यासारखं एकच होतं: शाळेत असताना एका स्पर्धेत हातमोज्यांना दुसरं बक्षीस मिळालं होतं. स्पर्धक दोन होते. आई हे पुढचं वाक्य सहसा सांगत नसे.

मोठ्या स्पर्धांना ते गेले नाहीत, कारण परीक्षकांना कळत नाही. जिथे गेले तिथला पियानो खराब निघाला. नाचता न येणाऱ्याचं अंगण नंतर वाकडं होतं. हातमोजे आदल्या दिवशीच जाऊन ते वाकडं असल्याचं जाहीर करून येत.

अशात संगीतशाळेच्या बाई निवृत्त व्हायला निघाल्या. त्यांचा वरचा वर्ग त्यांच्या दोन शिष्यांपैकी एकाला मिळणार होता: हातमोजे किंवा चष्मेवाली. ज्याने-त्याने एकट्याने कार्यक्रम करायचा, बाई ऐकणार आणि ठरवणार. चष्मेवालीने आपला कार्यक्रम स्वरलिपीचं पुस्तक समोर उघडून, मुकाट्याने उरकला. बाई म्हणाल्या, "बरं झालं." हातमोजे ऐकून हसले. शिकवण्याबद्दल त्यांचं मत चांगलं नव्हतं, पण वर्ग मात्र त्यांना हवा होता. नावाखाली घालायला दुसरं काही नव्हतं.

ताई म्हणाली, "तूही पुस्तक ठेव ना समोर. मी बसते शेजारी, पानं उलटते."

"म्हणजे लोक तुला बघतील!"

"अरे, पण मध्येच विसरलास तर?"

"विसरतात ती माणसं. कलाकार विसरत नाही."

"तू कार्ट्या, काल दाराची किल्ली विसरलास."

"ताई, आत्तापासून नाट लावू नकोस," आई म्हणाली, आणि पुस्तक कपाटात गेलं.

हातमोज्यांना खरी धास्ती वेगळीच होती. वाजवायच्या सोनाटाचे, म्हणजे त्या लांबलचक रचनेचे, तीन भाग होते, आणि अडाणी लोक प्रत्येक भाग संपला की टाळ्या वाजवतात. सगळं सभागृह नातेवाइकांनीच भरायचं असल्यामुळे अडाण्यांची संख्या घरी आधीच ठाऊक होती. आईने सगळ्यांना बोलावून दम भरला.

"तो उठून उभा राहिला की टाळ्या. त्याआधी हूं की चूं नाही."

"आणि खोकला आला तर?" मामांनी विचारलं.

"गिळायचा."

वाचनालयाच्या वरच्या सभागृहात कार्यक्रम झाला. हातमोज्यांनी आधी पंखे बंद करायला लावले, मग तीन वेळा स्टूल वरखाली केलं, मग डोळे मिटून इतका वेळ बसले की मावशीला वाटलं चक्कर आली. पहिले दोन भाग बरे गेले. मंडळी घामाघूम, पण गप्प.

तिसऱ्या भागात एकच धून पुन्हा पुन्हा येते. प्रत्येक वेळी तिच्यातून बाहेर पडायची वाट निराळी असते, आणि शेवटची वाट शेवटाकडे जाते. हातमोज्यांनी शेवटच्या वेळी पहिलीच वाट धरली आणि फिरून भागाच्या सुरुवातीपाशी आले. पुन्हा निघाले, पुन्हा तिथेच. नातेवाइकांना पत्ता नव्हता; त्यांना धून ओळखीची होत चालल्याचा आनंदच होता. पुढच्या रांगेत बाईंनी मात्र चष्मा काढून पुसायला घेतला होता.

शेवटी हातमोज्यांनी युक्ती केली. पदरचे चार दणदणीत सूर बडवले, हात वर उचलले, आणि टाळ्यांची वाट पाहत बसले.

टाळ्या आल्या नाहीत. ते उभे कुठे राहिले होते? मामांचे तळवे जवळ आले, तर आईने असा चिमटा काढला की ते कळवळले. शांतता वाढत गेली. चोरी सगळ्यांना कळली, असं हातमोज्यांना वाटलं. वरचे हात खाली आले आणि त्यांनी घाबरून पुन्हा तीच धून सुरू केली.

ती अर्ध्यावर असताना मागून चष्मेवाली उठली आणि जोरजोरात टाळ्या वाजवू लागली. कुणीतरी उभं राहिलंय एवढ्यावर नातेवाईक समाधान पावले. सभागृह दणाणलं. हातमोजे उठले, लवले आणि तिच्याकडे जळजळीत नजरेने पाहत बाहेर आले.

"बाई, कसं झालं?" आईने विचारलं.

"तीनदा झालं," बाई म्हणाल्या.

"त्या मुलीने शेवट होऊ दिला नाही!" हातमोजे म्हणाले.

"तू होऊ देत नव्हतास. तिने केला." बाईंनी पर्स खांद्याला लावली. "शिकवणाऱ्याला समोरचा कुठे अडकलाय ते कळावं लागतं. वर्ग तिचा."

घरी जाताना चष्मेवाली मत्सरी ठरली, बाईंचे कान गेल्याचं ठरलं, आणि शिकवणं हे कलाकाराचं मरण असल्याचं हातमोज्यांनी जिन्यातच सांगून टाकलं. मामा तेवढे म्हणाले, "पण वाजवलं भरपूर हो." ताई किल्लीने दार उघडत होती.

सुट्ट्या संपल्यावर बाबा एकटेच चष्मेवालीकडे गेले. लहान मुलांच्या वर्गाला कुणी हवं आहे का, असं त्यांनी तिथेही खुर्चीच्या कडेवर बसून विचारलं. ती म्हणाली, "येऊ दे की. फक्त वेळेवर येऊ दे."

आता हातमोजे रोज दुपारी तिकडे जातात. बिचारी एकटी पडते, तिला मदत म्हणून जातो, असं आई सांगते.