नव्या दाताचा रंग

मंठ्याच्या बाजारात मी तीस वर्षं बैलांचे दात बघून वय सांगतो. माझाच पुढचा दात तुटला, तेव्हा एक व्यापारी चारचौघांत म्हणाला, "शेठ, ह्या तोंडाला आता गिऱ्हाईक न्हाई!" ते मला अजून सलतं.

तडक जालन्याला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी नमुन्याचे दात दाखवले. मी सगळ्यात पांढरा निवडला.

माझा धंदा ऐकून त्या म्हणाल्या, "काका, सात दात पिवळे आणि एकच पांढरा, असा बैल घ्याल?"

"बिलकुल न्हाई!" मी ओरडलो आणि मुकाट्यानं पिवळट दात बसवून घेतला.

पुढच्या बाजारी त्या व्यापाऱ्यासमोर तोंड उघडलं. "सांग, नवा कोणता?"

त्यानं माझ्या जुन्याच दातावर बोट ठेवलं. राग गेला नाही, पण हसलो मात्र तोंडभर.